चेरीची बरणी आणि व्हिस्कीची भट्टी

फळें मद्यांत मुरत घालून घरच्या घरीं रुचकर पेयें सिद्ध करण्याची हौस पाहिली म्हणजे ही एखादी नवी टूम असावी, असें वाटतें. वस्तुतः अमेरिकेंतील अठराव्या शतकाच्या स्वयंपाकघरांत ही विद्या चांगलीच रुळलेली होती.

तेथील गृहिणी ‘चेरी बाउन्स’ नांवाचें पेय करीत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरच्या कागदपत्रांत त्याची कृती सांपडते. २० पौंड पिकलेल्या आंबट चेरींचा रस काढावा. त्यांत १० क्वार्ट जुनी फ्रेंच ब्रँडी आणि रुचीपुरती साखर घालावी. दालचिनी, लवंगा व जायफळ समभाग ठेचून टाकावें. बियांतील मगजही फोडून घालावा. आणि आंबल्यानंतर महिना-दीड महिना तोंड घट्ट बंद करून ठेवावें. आपल्या मुरांब्याचीच ही दूरची बहीण! मद्यार्क फळास कुजूं देत नाहीं, आणि पाण्यांत नीट न उतरणारा सुगंधही ओढून घेतो. उलट फळाची आंबटगोडी मद्याचा जळजळीतपणा मोडते. १७८४ मध्यें ॲलेघेनी पर्वतापलीकडे जातांना वॉशिंग्टन यांनीं हें पेय बरोबर घेतलें होतें.

परंतु ब्रँडी परदेशची आणि महाग. पर्वतापलीकडील शेतकऱ्याजवळ होती ती राय धान्याची व्हिस्की. बिकट वाटेनें धान्याच्या गोण्या नेणें परवडेना, म्हणून तो धान्याची व्हिस्की गाळून तीच घोड्यावर लादी. पिंपांत वर्षानुवर्षें न मुरलेली ही व्हिस्की पाण्यासारखी नितळ, पण घशाला चरका देणारी. फळ आणि साखर हा तिच्यावरचा घरगुती उतारा होता. १७९१ मध्यें सरकारनें देशांत गाळल्या जाणाऱ्या मद्यावर अबकारी बसविली, तेव्हां पश्चिम पेनसिल्व्हेनिया खवळला. १७९४ मध्यें अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं सुमारें १३,००० शिपायांची फौज उभारून तें बंड मोडलें.

आणि दैवाचें कौतुक पाहा! अध्यक्षपद सोडतांच, १७९७ मध्यें, याच वॉशिंग्टन यांनीं जेम्स अँडरसन या स्कॉटिश कारभाऱ्याच्या सल्ल्यानें माउंट व्हर्नन येथें भट्टी घातली. १७९९ मध्यें तींतून जवळजवळ ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. भट्टीवर राबत होते ते हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी हे सहा गुलाम. स्वातंत्र्याचें युद्ध जिंकणाऱ्या सेनापतीच्या घरचा हा व्यवहार होता. गॅलनांचा आंकडा लोक हौसेनें सांगतात; या सहा नांवांशीं क्षणभर थांबणारे थोडे.

पुढें १८०६ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील हडसन येथील एका वृत्तपत्रानें ‘कॉकटेल’ म्हणजे मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचें मिश्रण, अशी व्याख्या छापली. १८६२ मध्यें जेरी टॉमस यानें अशा मिश्रणांच्या कृतींचें पुस्तकच काढलें. गृहिणीच्या फडताळांतील विद्येला अशा रीतीनें दुकानांत प्रतिष्ठा मिळाली.

मद्य प्यावें कीं न प्यावें, हा वाद आजच्या भाषणाचा विषय नव्हे. पाठ्यपुस्तकांत लढाया आणि तह यांना जागा मिळते, स्वयंपाकघरांतील बरणीला मिळत नाहीं. परंतु बिकट वाटा, सरकारचा कर, गृहिणीचें कसब आणि गुलामाचे कष्ट या चारही गोष्टी त्या एका बरणींत एकत्र आल्या होत्या. ज्याला त्या काळाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल त्यानें रणांगणाबरोबर फडताळही उघडून पाहावें.