तीन विषयांचे इंग्लंड

विद्यापीठात जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने किती विषयांची परीक्षा द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता वेळापत्रकाचा वाटतो. इंग्लंडचा गेल्या शतकातील अनुभव पाहिला, तर ज्ञानाच्या सीमा कोणी आखाव्यात असा तो प्रश्न आहे, हे ध्यानात येते.

१९१८ साली सुरू झालेल्या 'स्कूल सर्टिफिकेट'साठी सोळाव्या वर्षी वेगवेगळ्या गटांतील किमान पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागे; एक गट अडला की प्रमाणपत्रच हुकत असे. १९५१ मध्ये ही पद्धत जाऊन प्रत्येक विषयाची स्वतंत्र परीक्षा आली. निवड मोकळी झाली. परंतु अठराव्या वर्षीच्या 'ए-लेव्हल'ला विषय बहुधा तीनच राहिले, आणि तेही प्रायः एकाच बाजूचे.

१९५९ च्या क्राउदर अहवालाने या सखोल अध्ययनाची पाठराखण केली. त्याच अहवालाने साहित्याच्या विद्यार्थ्याची गणिताशी झालेली फारकत मात्र चिंताजनक मानली. त्याच वर्षी केंब्रिज येथे सी. पी. स्नो यांनी 'दोन संस्कृती' हे व्याख्यान दिले. आपण ते लीव्हिस यांच्याशी झालेल्या वादासाठी स्मरतो. त्यात इंग्रजी शिक्षणातील अकाली विशेषीकरणावर ठेवलेला ठपका सहसा विसरतो.

पुढे सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. १९८८ मध्ये हिगिन्सन समितीने पाच आटोपशीर विषयांची शिफारस केली. थॅचर सरकारने ती फेटाळली. २००० पासून पहिल्या वर्षी चार-पाच विषय घेण्याची सोय झाली. विद्यापीठे प्रवेशासाठी तीनच विषय पाहत राहिली. २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी पुन्हा पाच विषयांची योजना मांडली. २०२४ च्या सत्तांतरानंतर तीही गुंडाळली गेली.

हा 'तीन'चा आकडा इतका चिवट का? त्याचे मूळ ज्ञानाच्या एखाद्या सिद्धान्तात नसून पदवीच्या कालावधीत आहे, असे मला वाटते. इंग्लंडमधील पदवी साधारणतः तीन वर्षांची आणि एकाच विषयाची. तेव्हा पायाभरणीचे काम शाळेवर येते. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवीला चार वर्षे लागतात. तेथे विद्यापीठेच्छू विद्यार्थी प्रायः पाच 'हायर' विषय घेतात. विद्यापीठाने एक वर्ष अधिक दिले, म्हणून शाळेला दोन विषय अधिक देता आले.

एखाद्या नाटकासोबत महिनोन्‌महिने राहण्याचा आनंद खरा आहे. विस्ताराच्या नावाखाली तो उथळ करू नये. परंतु त्यासाठी सोळाव्या वर्षी गणिताचे वा इतिहासाचे दार कायमचे लावून घ्यावे लागत असेल, तर ही किंमत विद्यापीठाच्या सोयीसाठी मोजली जाते, विद्येसाठी नव्हे. विषय किती असावेत हे शाळेला विचारण्यापूर्वी विद्यापीठाला विचारावयास हवे.