शंभरात एक भाग

१९५८ सालचा चैत्र. तुम्ही कामशेतला गाडीतून उतरता तेव्हा दिवस मावळलेला आहे. रुळांवर विजेच्या तारा आहेत, १९२९ पासूनच्या. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी तर १९१५ पासून खोपोलीला उतरून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवतंय. पण तुम्ही खिंड ओलांडून पवन मावळातल्या ज्या गावाकडे निघालात, तिथे मिट्ट काळोख. टाळांच्या आवाजाचा माग धरत तुम्ही देवळाशी पोचता. सप्ता बसलाय.

पारावर आबा गॅसबत्ती लावायला बसलेत. पाकिटातून ते नवं मेंटल काढतात: कापडाची मऊ, ढिली पिशवी, बाहुलीच्या टोपड्याएवढी. नळीच्या तोंडाशी दोऱ्याने आवळून बांधतात. खालच्या वाटीत स्पिरिट पेटतं, कापड काळं पडतं, आक्रसतं, जळून जातं. उरते पांढरी नाजूक जाळी. तुमचा हात नकळत पुढे जातो.

"हात लावू नगंस, पोरा. फुंकरीनं बी मोडल."

कापड गेलं, राहिलंय ते त्याने शोषलेल्या क्षारांचं ऑक्साइड. शंभरात नव्व्याण्णव भाग थोरियम, एक भाग सिरियम. आबा पंप मारतात, रॉकेलची वाफ फसफसते, आणि सगळा सभामंडप एकदम पांढरा होतो. पखवाजाच्या पानावरची शाईसुद्धा दिसायला लागते.

हा उजेड त्या एका भागाचा आहे. नुसत्या थोरियमची जाळी मंद जळते. थोरियम ऑक्साइड ज्योतीत वितळत नाही, स्वतःजवळची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही. म्हणून जाळी कमालीची तापते. पण तापून उजळायचं काम सिरियमचं. ते वाढवलं तर उजेड वाढत नाही, उलट जाळी निवते आणि मंदावते. हे नेमकं माप ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांना १८९१ च्या सुमारास सापडलं. 

आता डोळे किलकिले करा आणि जाळीच्या आत उतरा. सिरियमचा अणुक्रमांक ५८. चोपन्न इलेक्ट्रॉन झेनॉनसारखे घट्ट बसलेत. वरचे चार सैल: एक ४एफ कप्प्यात, एक ५डी मध्ये, दोन ६एस मध्ये. ४एफ आणि ५डी यांच्या ऊर्जा इतक्या जवळ की त्यांच्यातला उंबरठा जवळजवळ नाहीच. लँथेनाइड कुळातली बहुतेक भावंडं तीन इलेक्ट्रॉन देऊन थांबतात. सिरियम चौथाही देतं. जाळीत त्याने चारही ऑक्सिजनला दिलेत, ४एफ कप्पा रिकामा आहे. उष्णतेने ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन त्या कप्प्यात चढतो आणि परतताना प्रकाश टाकतो. ही चढण डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या निळ्या टोकाजवळची. थोरियममध्ये ती फार उंच. म्हणून ते नुसतं तापतं.

सिरियमला दुर्मिळ मृदा धातू म्हणतात, पण पृथ्वीच्या कवचात ते जवळजवळ तांब्याइतकं आहे. कठीण आहे ते वेगळं काढणं. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतलं मोनाझाइट जर्मन रसायनज्ञ शोमबर्ग यांनी १९०९ साली ओळखलं, तेही परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या कणांवरून. आता, १९५८ मध्ये, ती वाळू केरळात अलुव्याच्या कारखान्यात फोडली जाते आणि मेंटलांना लागणारं थोरियम नायट्रेट ट्रॉम्ब्यात बनतं. घाट उतरलं की मुंबई, तिच्या अलीकडच्या अंगाला ट्रॉम्बे.

रात्रभर जागर होतो. मध्येच उजेड पिवळटतो, आबा उठून पुन्हा पंप मारतात. पहाटे काकड्याला बत्ती गाभाऱ्याकडे नेताना त्यांचा पाय उंबऱ्याला अडखळतो. हिसका जेमतेम, पण जाळी ढासळते.

निवलेली काच काढून तुम्ही आत बोट घालता. पेरावर पांढरी भुकटी, पिठाहून हलकी. आबा सदऱ्याच्या खिशातून दुसरं पाकीट काढतात आणि दोरा दातात धरतात.