ब्रेकची तबकडी मोठी का झाली?

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तिथून सावंतवाडीकडे निघालेली एक टन वजनाची मोटार घाटात सहाशे मीटर खाली उतरते असे धरू. हा सगळा उतार केवळ ब्रेकवर काढला, तर निघणाऱ्या उष्णतेवर अठरा-एकोणीस लिटर पाणी उकळेल, म्हणजे न्हाणीघरातला एक मोठा हंडा. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगातून एकदा थांबवली, तर जेमतेम सव्वा लिटर. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करून ती हवेत सोडणारे यंत्र. त्याचा इतिहास हा या उष्णतेची विल्हेवाट लावण्याचा इतिहास आहे.

महामार्ग चौपदरी झाल्यापासून आमच्या सिंधुदुर्गात तारकर्लीकडे येणाऱ्या पर्यटकांत अधूनमधून एखादी स्पोर्ट्स कार दिसते. चाकाच्या आऱ्यांमधून परातीएवढी तबकडी चमकत असते. हौशी मालक तर कारखान्याने दिलेली तबकडी काढून आणखी मोठी बसवतात. हा खर्च शोभेसाठी की कामासाठी, असा प्रश्न माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसालाही पडतो. मग मी तो इतिहास शोधत गेलो.

पूर्वीच्या बहुतेक मोटारींना ड्रम ब्रेक असत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मुंबईची टॅक्सी म्हणून आपल्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी घ्या. तिच्या चारही चाकांना ड्रमच होते. डब्यासारख्या बंद ड्रममध्ये आतून दोन ब्रेक-शू बाहेरच्या बाजूला दाबले जातात. पण डबा तापला की प्रसरण पावतो आणि शूपासून दूर जातो. अस्तराची पकडही उष्णतेने कमी होते. पेडल खाली जाते, गाडी मात्र पुढे जात राहते. ही गत उतारावर होते, म्हणून तिची भीती घाटातल्या ड्रायव्हरला अधिक. माझे एक मामू ट्रक चालवायचे. ते म्हणत, ‘ज्या गियरमध्ये घाट चढशील, त्याच गियरमध्ये उतर.’ ब्रेकच्या वाट्याची उष्णता इंजिनाकडे वळवण्याची ही साधी युक्ती.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनीच. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायची. पण तबकडीवर दाबायला त्यांच्याकडे तांबे होते आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजे. कल्पना मागे पडली. डनलॉप कंपनीच्या डिस्क ब्रेकवर जॅग्वार सी-टाइप गाडीने १९५२ मध्ये फ्रान्समधल्या रॅंसची शर्यत जिंकली. चालक होते स्टर्लिंग मॉस. पुढच्या वर्षी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जॅग्वारवरच पहिले आले. त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होता. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून थकत असताना जॅग्वार वळणाच्या अगदी जवळ येऊन ब्रेक लावू शके, आणि तेही चोवीस तास.

याच ल मान्सने १९५५ मध्ये दुसरी बाजू दाखवली. डिस्क ब्रेकची जॅग्वार थांब्याकडे वळण्यासाठी एकदम मंदावली. मागची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला बाजूला झाली आणि तिच्यामागून भरधाव येणारी मर्सिडीज तिच्यावर चढून प्रेक्षकांत कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. अरुंद रस्ता, थांब्याला वेगळी वाट नसणे, अशी अनेक कारणे होती. त्यात एवढेही होते, की पुढच्या गाडीला डिस्क होती आणि मर्सिडीजला ड्रम.

पुढे तबकड्या वाढत गेल्या. पोर्शे ९११ ही गाडी १९६४ पासून बनू लागली, तेव्हा तिच्या चारही चाकांना सुमारे २८ सेंटीमीटरच्या तबकड्या होत्या. आपल्या घावण्याच्या तव्याएवढ्या. याच घराण्यातल्या अलीकडच्या जीटी-३ गाडीची पुढची तबकडी ४०८ मिलिमीटरची आहे. तव्याची उपमा नुसती आकारापुरती नाही. साधारण तबकडीही बिडाचीच असते. जाड बिडाचा तवा सावकाश तापतो, तशी जड तबकडी अधिक उष्णता पोटात घेते. मोठा पृष्ठभाग ती लवकर हवेत सोडतो. शिवाय विहिरीचा रहाट आसाजवळ धरून थांबवणे कठीण, काठाला धरून सोपे. तबकडी मोठी झाली, की चिमटा आसापासून दूर जातो आणि तेवढ्याच दाबात अधिक जोर मिळतो.

पण इथेच हौशी मालकाची गल्लत होते. चाक जखडण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्येही असतो. पहिल्यांदा करकचून ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरची रस्त्यावरची पकड ठरवते. मोठी तबकडी उपयोगी पडते ती दहाव्या वेळी, घाटाच्या शेवटच्या वळणावर. फक्त पुढच्याच तबकड्या वाढवल्या, तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडून थांबण्याचे अंतर उलट वाढूही शकते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आधी दुसरीकडे पाहावे. खाऱ्या हवेत बिडाच्या तबकडीवर रातोरात तांबूस गंज चढतो. तो पहिल्या दोन-चार ब्रेकांत घासून जातो. ब्रेक ऑइलचे मात्र तसे नाही. ते हवेतली ओल शोषते. डॉट-४ प्रतीचे कोरडे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओल शोषलेल्या तेलासाठी तोच १५५ अंशांचा आहे. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागते. मग तबकडी परातीएवढी असली, तरी तिच्यापर्यंत पायाचा जोर पोचतच नाही. दोन वर्षांनी तेल बदलणे मोठ्या तबकडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

एवढे करूनही ज्याला मोठी तबकडी बसवायची असेल, त्याने जरूर बसवावी. मात्र आंबोलीच्या वळणावर ब्रेक दाबण्याआधी आरशात पाहावे. मागे आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो असेल. त्याचे ब्रेक जुनेच आहेत.