रॉबिन हूड सरदार कसा झाला?

रॉबिन हूड म्हटले की आपल्यापुढे सिनेमातला देखणा उमराव उभा राहतो. श्रोतेहो, मुळातला रॉबिन हा नव्हे. १५०० च्या सुमारास छापलेल्या त्याच्या मोठ्या कवनात तो ‘योमन’ आहे; म्हणजे सरदार नव्हे आणि भूदासही नव्हे, मधल्या थरातला स्वतंत्र माणूस. तेथे मॅरियन नाही, आणि राजाही रिचर्ड नसून एडवर्ड आहे. मुख्य प्रसंग तर चक्क कर्जाचा! चारशे पौंडांपायी एका नाइटची जमीन यॉर्कच्या मठाच्या घशात जायची असते. रॉबिन ती रक्कम त्याला उसनी देतो. सावकारी ज्यांनी पाहिली, त्यांना हे कवन समजावून सांगायला नको.

१३७७ च्या सुमारास लँगलंड कवीने एक आळशी पाद्री रंगवला. त्याला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिनची गाणी येतात! तो काळ ध्यानात घ्या. १३४८ च्या प्लेगात माणसे मेली, हात कमी पडले, मजुरी चढली. तेव्हा १३५१ साली कायदा झाला: मजुरी साथीपूर्वीच्या दरानेच, जास्त घेईल तो गुन्हेगार. वेतन गोठवणारी परिपत्रके आम्ही पुष्कळ वाचली, पण इतका रोखठोकपणा क्वचित पाहिला.

पुढे माणशी शिलिंगाची डोईपट्टी आली आणि जून १३८१ मध्ये केंट व एसेक्सचे लोक लंडनवर चालून गेले. माइल एंडला चौदा वर्षांच्या राजापुढे मागण्या मांडल्या: भूदासत्व रद्द करा, खंड एकरी चार पेन्स ठेवा. राजाने सनदा दिल्या. दुसऱ्या दिवशी स्मिथफील्डला बोलणी चालू असताच महापौर वॉलवर्थने वॉट टायलरवर वार केला. टायलर मारला गेला. जुलै उजाडताच सनदा रद्द!

आता वाङ्मयाने काय केले पाहा. १५९८ साली अँथनी मंडे या नाटककाराने रॉबिनला हंटिंग्डनचा अर्ल करून टाकले. नायक उमराव झाला की गाऱ्हाणे त्याच्या वतनापुरते उरते. प्रेक्षकांतला सरदारही टाळ्या पिटतो. बंडखोरांच्या पुढाऱ्यांना ही सवलत नव्हती. १४५० च्या बंडात जॅक केडच्या लोकांनी तक्रारींचा लेखी मसुदा केला होता. शेक्सपिअरचा केड मात्र लिहितावाचता येते एवढ्याच अपराधासाठी एका कारकुनाला फासावर चढवतो! आमच्यासारख्या रात्रीच्या दिव्यावर अक्षरे गिरवलेल्यांना हे अजून टोचते.

टायलरने मात्र एकदा सूड उगवला. सदी या कवीने तरुणपणी, १७९४ साली, त्याच्यावर जहाल नाटक लिहिले व ते छापल्यावाचून राहिले. १८१३ साली सदी राजकवी झाला. १८१७ साली कोणीतरी ते हस्तलिखित परस्पर छापले. सदी कोर्टात धावला. लॉर्ड एल्डनने मनाई नाकारली: असल्या घातक लिखाणाच्या मालकीला कायदा संरक्षण देत नाही! मग काय, वाटेल त्याने छापावे. स्वस्त प्रती हातोहात खपल्या, आणि राजकवीच्या पदरी त्यातली एक पेनीही पडली नाही.