‘कोण आहे?’ : डोमेन नोंदवहीतील एका प्रश्नाचा इतिहास

प्रश्न विचारणे ही भाषेतील एक क्रिया आहे, आणि तिला किमान दोन बाजू असतात : एक विचारणाऱ्याची, दुसरी उत्तर देणाऱ्याची. ज्याच्याविषयी प्रश्न विचारला जातो तो मनुष्य पुष्कळदा त्या ठिकाणी हजर नसतो. व्याकरणातील तृतीय पुरुषाचे प्रयोजन तेच होय. इंटरनेटवरील डोमेन नाव कोणाचे, हे शोधून काढण्याची जी यंत्रणा १९८२ पासून चालत आली, तिचे नाव म्हणजेच मुळी असा एक तृतीयपुरुषी प्रश्न आहे. ‘हूइज’, म्हणजे ‘कोण आहे?’. प्रस्तुत लेखात या नोंदवहीचा इतिहास थोडक्यात मांडावयाचा आहे. नामधारकाच्या खाजगीपणाविषयी पुढे जो वाद माजला, त्याचे मूळ नोंदीत काय लिहिले होते यापेक्षा, ती वाचणारा कोण हे विचारण्याची सोयच ठेवलेली नव्हती, यात आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभे राहिलेले आर्पानेट हे संगणकांचे जाळे १९६९ मध्ये सुरू झाले. त्याचे माहितीकेंद्र कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या नावाने प्रारंभी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत होते. १९७२ पासून १९८९ पर्यंत एलिझाबेथ फाइनलर यांनी त्याची धुरा वाहिली. जाळ्यावरील माणसांची नावे व पत्ते देणारी छापील निर्देशिका हे केंद्र काढीत असे. अशी निर्देशिका छापून होते न होते तोच जुनी ठरते. म्हणून मार्च १९८२ मध्ये केन हॅरेनस्टीन आणि व्हिक व्हाइट यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. जाळ्याचे नियम ‘आरएफसी’ या नावाने क्रमवार टिपणांच्या रूपाने प्रसिद्ध होतात. त्यांपैकी हे ८१२ क्रमांकाचे. त्यायोगे निर्देशिकेतील माहिती थेट संगणकाला विचारता येऊ लागली.

या टिपणात केलेली विनंती अभ्यासकांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. जाळ्यावरून संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने आपले पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि जाळ्यावरील टपालपेटी यांची नोंद केंद्राकडे करावी, अशी संरक्षण खात्याच्या दळणवळण विभागाची इच्छा तेथे नमूद केलेली आहे. आज ही मागणी आपणांस धाडसाची वाटेल. त्या काळी ती तशी नव्हती. ऑगस्ट १९८१ मध्ये त्या जाळ्यावर अवघे २१३ संगणक होते. नोंदले जाणारे आणि नोंद वाचणारे हे एकाच मंडळीतले : विद्यापीठांतील संशोधक, लष्करी अधिकारी, कंत्राटदार कंपन्यांतील अभियंते. एखादा संगणक बिघडला तर त्याची देखभाल करणाऱ्याला दूरध्वनी करता यावा, हा नोंदीचा व्यावहारिक हेतू होता. वाचक कोण हे निराळे विचारावे लागत नव्हते. तो जाळ्यावर आहे, एवढ्यानेच त्याची ओळख पटत होती.

आपल्याकडील जमिनीच्या सातबाऱ्याशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. सातबाराही सर्वांना पाहावयास खुला असलेला लेख आहे. परंतु तो पाहू इच्छिणाऱ्याला पूर्वी तलाठ्यासमोर उभे राहावे लागे, आणि कोणी कोणाच्या जमिनीची चौकशी केली, हे गावाला कळल्यावाचून राहत नसे. खुल्या दप्तराचे रक्षण तेथे कुलपाने होत नसून चौकशी करणाऱ्याच्या उघडपणाने होत असे. आर्पानेटच्या निर्देशिकेलाही आरंभीची काही वर्षे असेच न लिहिलेले संरक्षण लाभले होते.

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांच्या पद्धतीची रूपरेषा मांडली. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिंबॉलिक्स डॉट कॉम’ हे ‘.कॉम’ विभागातील पहिले नाव नोंदले गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हूइजच्या टिपणाची सुधारलेली आवृत्ती निघाली. माणसांची निर्देशिका आणि नावांची नोंदवही अशा रीतीने एकाच साच्यात बसली. हा साचा अत्यंत साधा होता. विचारणारा संगणक उत्तर देणाऱ्या संगणकाच्या ४३ क्रमांकाच्या पोर्टशी जोडला जातो व एक ओळ पाठवितो. उत्तरादाखल साध्या मजकुराच्या ओळी येतात आणि संबंध संपतो. विचारणाऱ्याने आपले नाव सांगावे, हेतू सांगावा, यासाठी त्या एका ओळीत जागाच नाही.

पुढील दहा वर्षांत वाचकवर्ग पालटला. आर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. १९९३ पासून नोंदणीचे काम नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे आले, आणि सप्टेंबर १९९५ पासून त्यासाठी दोन वर्षांचे १०० डॉलर आकारले जाऊ लागले. नाव ही आता विकत घेण्याची वस्तू झाली, व घेणारा कोणीही असू शकत होता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आयकॅन या संस्थेने नोंदणीचा धंदा अनेक कंपन्यांना, म्हणजे रजिस्ट्रारांना, खुला केला. १९९९ च्या करारान्वये प्रत्येक रजिस्ट्रारवर दोन बंधने आली. धारकाचे नाव व पत्ता कोणालाही विनामूल्य पाहता यावा, हे पहिले. आणि वर्षाला जास्तीत जास्त १०,००० डॉलर घेऊन सर्व नोंदी एकगठ्ठा पुरविल्या जाव्यात, हे दुसरे. त्याच वर्षी व्यापारचिन्हांच्या मालकांसाठी नावांविषयीच्या तंट्यांची निवाडापद्धती अमलात आली, आणि प्रतिवादीचा पत्ता मिळण्याचे साधन म्हणून हूइजला नवे महत्त्व आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९८२ ची नोंद आणि १९९९ ची नोंद शेजारी ठेवली तर त्यांच्या रकान्यांत फारसा फरक दिसणार नाही. नाव, पत्ता, दूरध्वनी, टपालपेटी, सारे तेच. मात्र पहिली नोंद सहकाऱ्यांनी सहकाऱ्यांसाठी केलेली होती, तर दुसरी सर्व जगासमोर टांगलेली होती. शब्द तेच राहून संदर्भ बदलला की अर्थ बदलतो, हा भाषाशास्त्रातील प्राथमिक सिद्धान्त. करार लिहिणाऱ्यांना त्याचा विसर पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

परिणाम व्हावयाचे ते झाले. जाहिरातींची पत्रे पाठविणाऱ्यांनी या नोंदींतून पत्ते वेचून घेतले. घरच्या पत्त्यावरून लहानसे नियतकालिक चालविणारी स्त्री, परागंदा होऊन आपल्या सरकारविरुद्ध लिहिणारा लेखक, यांचा ठावठिकाणा त्यांच्या शत्रूलाही एका ओळीत मिळू लागला. मोठ्या कंपनीला या नोंदीचे काहीच भय नव्हते, कारण तिचा पत्ता तिच्या पाटीवरच असतो. भय होते ते एकट्यादुकट्या व्यक्तीला. अशा व्यक्तीपुढे दोन मार्ग उरले. पहिला खोटा पत्ता लिहिण्याचा; पण २००३ पासून धारकाला दरवर्षी आपली नोंद तपासावयास सांगितले जाऊ लागले व खोटी माहिती दिल्यास नाव रद्द होऊ शकते, याची आठवणही त्याला दिली जाऊ लागली. दुसरा मार्ग पैसे मोजून पडदा विकत घेण्याचा. या पडद्याचेही दोन प्रकार आहेत. एकात धारकाचे नाव तसेच राहते, केवळ पत्ता मध्यस्थाचा दिला जातो. दुसऱ्यात मध्यस्थ स्वतःच्याच नावावर नोंद करवून वापराचा हक्क मूळ ग्राहकास देतो. म्हणजे कागदोपत्री धारक मध्यस्थच ठरतो. ‘.यूएस’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय विभागात तर हाही मार्ग तेथील वाणिज्य खात्याने २००५ मध्ये बंद केला. खाजगीपणा हा हक्क न राहता विक्रीची सेवा झाली, हे या कालखंडाचे सार होय.

महाराष्ट्राचाही या इतिहासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. भारताचा ‘.इन’ हा विभाग मे १९८९ मध्ये अस्तित्वात आला आणि आरंभी त्याचा कारभार मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होता. २००५ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या देखरेखीखाली तो सर्वांना खुला झाला. २०१४ मध्ये देवनागरी लिपीतील ‘.भारत’ हा विभाग मराठीसह आठ भाषांसाठी सुरू करण्यात आला. मराठी नाव मराठी अक्षरांत नोंदता आले, तरी मूळ यंत्रणेत ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच साठविले जाते. हूइजची अडचण याहून खोल होती. कोणत्या लिपीत उत्तर येत आहे हे सांगण्याची सोय त्या साच्यात नव्हती, आणि २००४ साली निघालेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ही उणीव स्पष्टपणे मान्य केलेली आहे. जी नोंदवही माणसाची ओळख सांगण्यासाठी होती, तिला ‘ज्ञानेश्वर’ हे नाव त्याच्या अक्षरांत खात्रीने सांगता येत नव्हते. त्याच आवृत्तीत दुसरीही एक कबुली आहे : कोणी काय पाहावे यावर नियंत्रण ठेवण्याचे साधन या पद्धतीत नाही, सबब जी माहिती सर्वांना कळण्यास हरकत नाही तेवढीच तिच्याद्वारे द्यावी. साच्याचे वर्णन करणारे असे सांगत होते, आणि करार मात्र लोकांचे घरचे पत्ते त्याच साच्यात ओतावयास लावीत होते.

या विसंगतीवर युरोपातील माहिती-संरक्षण अधिकाऱ्यांच्या मंडळाने जून २००३ मध्येच बोट ठेवले होते. परंतु मताला दंडाचे बळ नव्हते. ते २५ मे २०१८ रोजी लागू झालेल्या युरोपीय कायद्याने आले. दोन कोटी युरो किंवा जगभरातील वार्षिक उलाढालीचे चार टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो, असे दिसताच आयकॅनने १७ मे रोजी तात्पुरते नियम संमत केले. सर्वसामान्य विभागांतील नोंदींतून व्यक्तीचे नाव, रस्ता, गाव, दूरध्वनी ही माहिती झाकली गेली. राज्य व देश तेवढे राहिले. एका जर्मन रजिस्ट्रारने याहून पुढे जाऊन, धारकाव्यतिरिक्त व्यवस्थापकीय व तांत्रिक संपर्कव्यक्तींची माहिती आपण गोळाच करणार नाही, अशी भूमिका घेतली. आयकॅनने बॉन येथील न्यायालयात धाव घेतली. तथापि त्या अधिक माहितीची आवश्यकता सिद्ध झालेली नाही, असे म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, व तिची उपेक्षा करणे अन्यायाचे होईल. बनावट बँकेचे संकेतस्थळ उभारून लोकांना लुबाडणाऱ्याचा माग काढताना पोलीस व सुरक्षा-अभ्यासक याच नोंदींचा आधार घेत असत. एकच पत्ता किंवा एकच दूरध्वनी अनेक नावांमागे आढळला की टोळी उघडकीस येई. पडदा पडल्यावर ही वाट अरुंद झाली. म्हणून झाकलेली माहिती कारण सांगून मागता यावी यासाठी आयकॅनने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनंत्यांची एक सामायिक व्यवस्था सुरू केली. युरोपीय संघाच्या २०२२ च्या सायबरसुरक्षा-निर्देशानेही नोंदी अचूक ठेवणे आणि हक्कदार मागणाऱ्यास त्या देणे बंधनकारक मानले आहे. आपल्याकडे खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला व व्यक्तिगत माहितीचा कायदा २०२३ मध्ये झाला. तेव्हा हा तोल सांभाळण्याचा प्रश्न आपल्यापुढेही आहे.

साचाही अखेर बदलला. मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीत सर्व लिप्यांना स्थान आहे, आणि विचारणारा कोण हे पडताळून त्याच्या अधिकाराप्रमाणे कमी-अधिक उत्तर देण्याची सोय आहे. २८ जानेवारी २०२५ पासून सर्वसामान्य विभागांत हूइज चालविण्याचे बंधन उरले नाही. आज नावाची चौकशी केली असता रजिस्ट्रार कोण, नोंद केव्हा झाली व केव्हा संपते, नाव कोणत्या संगणकांकडे वळविले आहे, एवढे सर्वांना कळते. ज्याला यापलीकडचे हवे त्याला प्रतिप्रश्न होतो : आपण कोण, आणि कशासाठी? ‘कोण आहे?’ या तृतीयपुरुषी प्रश्नाला द्वितीयपुरुषी प्रश्नाची जोड मिळण्यास तेहतीस वर्षे लागली, आणि जुना प्रश्न निवृत्त होण्यास त्याहून अधिक दहा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नियमाने परत घेता येणार नाही. खुल्या काळातील नोंदींच्या प्रती खाजगी कंपन्यांनी करून ठेवलेल्या आहेत. इंटरनेटच्या इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना त्या साधन म्हणून मोहात पाडतील. त्यांनी ध्यानात ठेवावे की, नोंदीची तारीख बहुधा विश्वसनीय असते. नाव खोटे किंवा मध्यस्थाचे असू शकते. आणि पत्ता खरा असेल तर तेथे आजही कोणी राहत असण्याचा संभव आहे. जुन्या दप्तरातील माणसे गेलेली असतात, या दप्तरातील बहुतेक हयात आहेत. ती नोंद वाचताना ‘हा कोण होता?’ हे विचारण्याचा अधिकार संशोधकास अवश्य आहे. परंतु तत्पूर्वी, मी कोण आणि मला हे कशासाठी हवे, याचे उत्तर त्याने स्वतःशी देऊन ठेवले पाहिजे.