घरबसल्या कामाच्या नावाखाली फसवणूक: कशी ओळखाल, फसल्यास काय कराल?

"घरबसल्या काम करा, रोज 2,000 रुपये कमवा" असा मेसेज तुम्हालाही आला असेलच. आमच्या जामखेडमध्ये शिक्षण झालं की कामासाठी नगर किंवा पुणे गाठायचं, हे ठरलेलंच. त्यामुळे असा मेसेज दिसला की हात आपोआप लिंककडे जातो. माझाही गेला. पहिल्या दिवशी खात्यात 150 रुपये आले, म्हणून विश्वास बसला. मग मी 3,000 भरले आणि ते गेले. तेव्हा कळलं, सुरुवातीला मिळालेले पैसे म्हणजे खऱ्या कामाचा पुरावा नसतो, ते आमिष असतं.

फसवणुकीचे नेहमीचे प्रकार

1. टास्क: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या. आधी थोडे पैसे खरंच मिळतात. मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेऊन 'प्रीपेड टास्क' देतात. ग्रुपमध्ये कमाईचे स्क्रीनशॉट टाकणारे त्यांचेच साथीदार असतात. स्क्रीनवर रक्कम वाढताना दिसते, पण काढायला गेलात की "आधी टॅक्स भरा" म्हणतात.

2. पॅकिंग: पेन्सिल पॅकिंगचं काम देतो म्हणून आधी रजिस्ट्रेशन, मग ओळखपत्र, मग कुरिअरचे पैसे मागतात. माल काही येत नाही.

3. डेटा एंट्री: ऑनलाइन करारावर सही घेतात. काम दिलं की "चुका जास्त आहेत, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू" म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस पाठवतात. घाबरून पैसे भरू नका.

4. खातं भाड्यानं देणं: "तुमच्या खात्यावर पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा." ते पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात. खातं गोठवलं जातं आणि चौकशी तुमची होते.

केंद्र सरकारनं डिसेंबर 2023 मध्ये टास्क आणि गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणाऱ्या 100 हून जास्त वेबसाइट बंद केल्या. पण एक बंद झाली की दुसरी उघडते. म्हणून एकच नियम: काम देणारा पैसे मागत असेल, तर ते काम नाही.

फसलात तर लगेच काय कराल?

- "एवढे भरले की सगळे सुटतील" म्हटलं तरी आणखी एक रुपयाही भरू नका.
- लगेच 1930 वर फोन करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवतात. ते काढून घेण्याआधी कळवलं, तर बँक रक्कम रोखू शकते. व्यवहाराचा यूटीआर नंबर, तारीख आणि रक्कम जवळ ठेवा.
- आपल्या बँकेलाही कळवा.
- सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.
- चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- जवळच्या पोलीस ठाण्यात जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार गुन्हा कुठेही घडला असला, तरी तिथे माहिती देता येते.
- "फी द्या, बुडालेले पैसे मिळवून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ती दुसरी फसवणूक असते.

मी लाजेपोटी चार दिवस घरी काहीच बोललो नाही. चोरांना तेवढाच वेळ हवा असतो. म्हणून घरचे रागावले तरी चालेल, आधी 1930 लावा. आणि हा लेख वाचून गावातल्या ग्रुपवर नक्की पाठवा.