वस्त्रगाळ पाण्यापासून आरओपर्यंत

घरात पाण्याचा फिल्टर घ्यावा का, हा प्रश्न आपल्या बचत गटात हमखास निघतो. उत्तरासाठी आज आपण थोडे मागे जाऊ.

पाणी निवळणे हे पूर्वीपासून बायकांचेच काम. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळायचे, मग माठ भरायचा. या फडक्याची खरी ताकद कळली ती नारूच्या काळात. महाराष्ट्रातही नारू होता. नारू झालेला माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी. जखमेतल्या अळ्या पाण्यात जात, बारीक पाणकिडे त्या गिळत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने लांबलचक जंत बाहेर पडे. त्यावर औषध नव्हते, लसही नव्हती. १९८०च्या दशकात देशभर मोहीम निघाली. बारवांच्या पायऱ्या बंद झाल्या, हातपंप बसले, गाळण्याचे कापड घरोघर गेले. १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

पण पटकी, कावीळ यांचे जंतू कापडातून सहज निसटतात. त्यासाठी पाणी उकळणे आले, ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर आली. पुढे कँडलचा फिल्टर आला, मग यूव्हीचे यंत्र. कँडल गाळ आणि बरेचसे जंतू अडवते, यूव्ही जंतू मारते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र दोन्हींतून तसेच खाली येतात.

आपल्या तालुक्याची गोष्ट इथेच सुरू होते. गोदावरी-कादवेच्या या पट्ट्यात कालवे, विहिरी आणि बोअर यांच्या जोरावर द्राक्ष, ऊस, कांदा पिकतो. पिकाला घातलेल्या खतातला नत्र झिरपून विहिरीत नायट्रेट होऊन उतरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. उकळल्याने तो जात नाही, उलट पाणी आटून दाट होतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात वरचे दूध कालवून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाजले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, बाळ निळे पडते. अशा घरी आरओचे पैसे सत्कारणी लागतात.

मात्र नळाचे पाणी गोडे असेल, तर तेच यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. म्हणूनच टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सरकारला सांगितले. तिथे कँडल किंवा यूव्ही पुरे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी पाणी तपासून घ्या. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे ठरले आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, ते ग्रामपंचायतीत विचारा. घरात तान्हे बाळ असेल, तर विहिरीचे नायट्रेट आधी बघा. पाण्यात काय आहे ते कळले, की काय विकत घ्यायचे हे आपले आपल्यालाच ठरवता येते.